गालिच्यावर पडलेले शेठ

“हा मेलेला नाहीये,” बाबा म्हणाले आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. समोर टीव्हीवर मीच मेलेलो होतो. चांगला मेलेलो होतो, निदान माझी तशी समजूत होती. छातीत सुरा, अंगात रेशमी गाऊन, एक हात डोक्यामागे अशा बेताने टाकलेला की बघणाऱ्याला वाटावं, मरता मरता याला काहीतरी आठवत होतं. तोंड किती उघडं ठेवायचं यावर मी आरशासमोर बराच विचार केला होता. जास्त उघडलं की माणूस घोरतोय असं वाटतं, अगदी मिटलं की रुसलाय असं वाटतं. आई इस्त्री करता करता पडद्याकडे बघून म्हणाली होती की तुझे आजोबा दुपारी पडायचे तसाच दिसतोस, आणि मी ते कौतुक समजून खिशात घातलं होतं. तेवढ्यात बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, म्हणजे आता ते खरं बघणार होते, आणि मग ते तसं म्हणाले, पाऊस थांबलाय म्हणावं इतक्या शांतपणे. मग मला म्हणाले, मागे घे. नव्या टीव्हीवर कार्यक्रम मागे नेता येतो, ही बाबांना या शतकात आवडलेली एकमेव गोष्ट आहे. मी मागे घेतलं. खानसामा ट्रे घेऊन आला, गुप्तहेराची मिशी गळून चहात पडली, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला डब्यातला हशा फुटला, आणि त्या हशाच्या आडोशाला, डाव्या कोपऱ्यात, शेठचं पोट वर आलं आणि खाली गेलं. ते पोटही माझं नव्हतं. मी काटकुळा आहे. शेठला शोभावं म्हणून कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी माझ्या पोटावर उशी बांधली होती, आणि मी चोरून घेतलेला एवढासा श्वास त्या उशीतून चांगला खानदानी होऊन बाहेर पडत होता.

मालिका जुन्या गुप्तहेरकथांची टिंगल करणारी होती. मोठं घर, बाहेर वादळ, दिवाणखान्यात अडकलेले पाहुणे, आणि मध्ये गालिच्यावर घराचे मालक शेठ, खून झालेले. गुप्तहेर पहिल्याच भागात जाहीर करतो की खुनी सापडेपर्यंत प्रेताला हात लावायचा नाही, आणि खुनी शेवटच्या भागापर्यंत सापडत नाही. त्यामुळे मी सगळ्या भागांत होतो. घरी मी सांगितलं होतं की सगळी कथा माझ्याभोवती फिरते, आणि त्यात काडीचंही खोटं नव्हतं. ती फिरायचीच. ट्रे घेऊन फिरायची, मला अडखळायची, एकदा तर एक निवृत्त कर्नल सोफा समजून माझ्यावर बसला. अडचण एवढीच होती की मालिका विनोदी होती पण हसू येत नव्हतं. हे सेटवर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. एखाद्याने केसांचा टोप घातलाय हे जसं ऑफिसात सगळ्यांना ठाऊक असतं. विनोद म्हणजे मिशी. ती प्रत्येक भागात नव्या ठिकाणी पडायची, आणि पडली की गुप्तहेर कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचा, माझी मिशी पडली. ज्यांना दिसली नसेल त्यांच्यासाठी. पहिला भाग बघताना आमच्या घरात इतकी शांतता होती की इस्त्रीची वाफ ऐकू येत होती. पण लोक हसले नाहीत याची मला भीती नव्हती. मला भीती भिंतीची होती.

भिंतीचं सांगायचं तर आधी बाबांचं सांगावं लागेल. बाबा विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करायचे. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं, चोरीला जाऊन शेजारच्याच खोलीत पोचलेली यंत्रं. लोकांनी आयुष्यभर त्यांना आदराने खुर्ची दिली, चहा पाजला आणि थापा मारल्या. असा माणूस घरी येऊन काय वाचणार? रहस्यकथा. कारण तिथे खोटं बोलणारा शेवटी सापडतो आणि सापडल्यावर कंपनीला काही कळवावं लागत नाही. जेवणं झाली की बाबा मोठ्याने वाचायचे, आणि शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटून फ्रिजवर ठेवायचे. मग एक अख्खा दिवस घर त्या फ्रिजकडे बघत जगायचं. दुसऱ्या दिवशी जेवताना प्रत्येकाने खुनी सांगायचा आणि मगच शेवटचं प्रकरण. मी दर वेळी गुप्तहेराचंच नाव घ्यायचो, कारण त्या घरात मजेत असलेला तोच एक माणूस असायचा. आई इस्त्री करत अर्धवट ऐकायची आणि दर वेळी बरोबर सांगायची. तिचे पुरावे सगळे कपड्यांवरचे असायचे, की दुपारी कोट घातलेला माणूस सरळ नसतो वगैरे. यात नियम होते. खुनी पहिल्यापासून गोष्टीत हवा. पुरावे डोळ्यांसमोर हवेत. आणि घरात कोणाला शेवटचं प्रकरण आधीच ठाऊक असेल, तर त्याने गप्प बसायचं, तोंडाने नाही आणि भुवईनेही बोलायचं नाही. लेखकाने फसवणूक केली, ऐन वेळी जुळा भाऊ आणला किंवा सगळं स्वप्न होतं म्हणून सांगितलं, तर बाबा चिडायचे नाहीत. उठायचे आणि ते पुस्तक कपाटात उलटं लावायचे, कणा भिंतीकडे. अजून तशी पुस्तकं आहेत आमच्या कपाटात, नाव न दिसणारी, नुसत्या पिवळ्या कडा. पाहुण्यांनी विचारलं की बाबा सांगतात, ती शिक्षा भोगतायत.

मी त्यांच्याच कंपनीत चिकटावं असं घरात न बोलता ठरलेलं होतं, आणि मी न बोलता नाटकात गेलो. बाबा काही म्हणाले नाहीत. एकदा नाटक बघायला आले, मी दुसरा पहारेकरी होतो. घरी येऊन चपला जागेवर ठेवता ठेवता म्हणाले, तुझा भाला पुठ्ठ्याचा होता. तेवढंच. त्यानंतर आमच्यात वैर झालं नाही, उलट फारच सभ्यपणा आला. आम्ही गीझरबद्दल बोलायचो. वर्तमानपत्र आधी कोणाला हवंय हे विचारायचो. आणि मला कधी कधी, दात घासताना वगैरे, लख्ख जाणवायचं की त्या कपाटात कुठेतरी मीही उभा आहे, तोंड भिंतीकडे.

म्हणून ते “हा मेलेला नाहीये” ऐकल्यावर मला वाटलं, संपलं, भाला पुठ्ठ्याचा निघाला. पण बाबा परत मागे टेकले, त्यांनी चष्मा नाकावर उतरवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी फार वर्षांत न बघितलेली एक गोष्ट आली. फ्रिजवर पुस्तक ठेवून आल्यावर यायची ती. “लेखक हुशार आहे,” ते म्हणाले. “विनोद मुद्दाम भिकार ठेवलेत. माणूस कंटाळून मिशीकडे बघतो आणि पोटाकडे लक्ष जात नाही.” मी तोंड उघडलं. ते जास्त उघडलं गेलं असावं, कारण बाबांनी लगेच हात वर केला. तुला शेवट ठाऊक आहे, तू बोलायचं नाहीस, म्हणाले. भुवईनेही नाही. आणि मी, ज्याला शेवट अजून कोणी सांगितला नव्हता आणि ज्याने फक्त श्वास घेतला होता, बोलायचा थांबलो. मनात म्हटलं, नियम आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा एखादा नियम मऊ लागला, इस्त्रीच्या कपड्यासारखा, अजून कोमट.

गालिच्यावर पडून राहण्याचं काम वाटतं तितकं सोपं नाही आणि मी सांगतो तितकं अवघडही नाही. दिवे डोक्यावर असतात, त्यांची ऊब पापण्यांतून आत येते आणि आतमध्ये सगळं केशरी होतं. गालिच्याला धूळ, डिंक आणि कुणाच्या तरी कुत्र्याचा वास होता. कानाजवळून बूट जातात. बुटांवरून मला माणसं कळायला लागली होती: कर्नल टाचा घासत चालायचा, गुप्तहेराचे बूट करकरायचे आणि विनोद फसला की जास्त करकरायचे. वर सगळे ओरडत असायचे आणि खाली माझ्यात एक शांतता पसरायची, बरी, जुनी, ओळखीची. ती कुठली हे आठवायला मला बरेच दिवस लागले. लहानपणी शेवटच्या प्रकरणाच्या रात्री मी जमिनीवरच लोळत ऐकायचो, आणि खुनी सापडला की झोपेचं सोंग घ्यायचो, कारण झोपलेल्याला बाबा उचलून न्यायचे. चालत जाणाऱ्याला कोण उचलतं. डोळे मिटले की पापण्यांतून दिवा असाच केशरी दिसायचा. बाबांच्या चपला कानाजवळ येऊन थांबायच्या. मग हात, मग तपकिरी स्वेटरचा खरखरीतपणा, मग मी हवेत. एकदा दारातून जाताना ते आईला हळूच म्हणालेले ऐकले, की जागा आहे, झोपलेल्याचं पोट असं हलत नाही. मी घाबरून श्वास कोंडला. पण त्यांनी मला खाली ठेवलं नाही. पलंगापर्यंत नेलं, पांघरूण घातलं, आणि त्यानंतरही उचलत राहिले, मी चांगला लांब होऊन पाय दाराच्या चौकटीला आपटेपर्यंत.

पुढचे भाग येत गेले तसा बाबांचा खटला वाढत गेला. गुरुवारी संध्याकाळी ते आधी दाढी करायचे. तिसऱ्या भागात त्यांनी दाखवून दिलं की शेठचा पाय आधी गालिच्यावरच्या निळ्या फुलावर होता आणि खिडकीकडून परत दाखवला तेव्हा तो लाल फुलावर गेलाय. तो मुंग्या आल्या म्हणून गेला होता. चौथ्या भागात खानसाम्याच्या ट्रेमधली बिस्किटं बाबांनी चित्र थांबवून मोजली, आणि एक कमी भरलं. ते मी खाल्लं होतं, चित्रीकरण थांबलेलं असताना, पडल्या पडल्या, कुणाला ताप नको म्हणून. “ट्रे कोणाच्या डोक्याशी ठेवलाय?” बाबांनी आईला विचारलं. आई म्हणाली, शेठच्या. बाबा म्हणाले, “मग?” आणि असे माझ्याकडे बघून हसले की मला ते बिस्कीट खाल्ल्याचा अभिमान वाटला. इतर दिवशीही ते आता बोलायचे. आंघोळीला जाता जाता विचारायचे, सुरा मुठीपर्यंत आत आहे का, नको, सांगू नकोस. एकदा त्यांनी मला जुन्या तपासण्यांबद्दल सांगितलं: जळालेल्या दुकानाचा मालक रडत होता आणि त्याच्या मांजराच्या अंगाला मात्र धुराचा वासही नव्हता. हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काढत होतो, आणि चादरीची दोन टोकं धरून आम्ही एकमेकांकडे चालत आलो, मागे गेलो, परत आलो.

मग मोज्यांचा भाग आला. आई कॉलरवर इस्त्री फिरवत होती, तिने वर बघितलं आणि इस्त्री उभी केली. “अहो,” ती म्हणाली, “शेठच्या पायात तुमचे मोजे आहेत.” होतेच. त्या दिवशी मला माझे सापडले नव्हते, आणि मी दोरीवरचे घालून गेलो होतो, तपकिरी, टाचेला आईने रफू केलेले. कॅमेरा त्या रफूवर थांबून होता, कारण मिशी या खेपेला माझ्या पायावर पडली होती. बाबांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग पडद्याकडे. मला वाटलं, आता तरी हसतील आणि हा सगळा प्रकार इथेच, हसून, संपेल. “माझे मोजे घटनास्थळी सापडलेत,” ते गंभीरपणे म्हणाले. “याचा विचार करायला पाहिजे.” आणि त्यांनी तो खरोखर केला असावा, कारण पुढचे काही दिवस आई त्यांना काही काम सांगायला गेली की म्हणायचे, संशयिताला विचारून बघ.

शेवटच्या भागाचे कागद हातात पडले ते मात्र मी दोनदा वाचले. शेवट असा होता: गुप्तहेर सगळ्यांना जमवतो, एकेकाकडे बोट दाखवतो, कोणीच खुनी नसतं, आणि मग दार उघडून या मालिकेचा लेखक आत येतो आणि म्हणतो, मीच मारलं, मला दुसरं काही सुचलं नाही. हशा. मिशी पडते. समाप्त. म्हणजे पहिल्यापासून गोष्टीत नसलेला माणूस. म्हणजे जुळ्या भावाहून वाईट, स्वप्नाहून वाईट. मला डोळ्यांपुढे ते कपाट दिसायला लागलं. मी दिग्दर्शकाकडे गेलो. दिग्दर्शक कायम जागरण झालेल्या चेहऱ्याचा, मनाने चांगला माणूस; बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण लावून द्यायची त्याला सवय होती. मी त्याला सांगितलं की शेठ मेलेलेच नसतील तर, आणि एकेक पुरावा समोर ठेवला, पोट, फूल, बिस्कीट. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, कुठून सुचलं हे? मी म्हटलं, वडिलांना. तो म्हणाला की छान आहे, पण यात विनोद कुठाय. मी म्हणणार होतो की तो आत्ताही कुठाय, पण त्याने एवढ्यात माझ्या गाऊनचं बटण लावलं आणि म्हणाला, “म्हणजे तुझं पोट हलतं दर भागात? शेवटच्या भागात तरी नीट मर, राजा.”

मी नीट मरायचं असं ठरवूनच आडवा झालो. लेखक आला, म्हणजे लेखकाचं काम करणारा नट. खरा लेखक लाजून घरी बसला होता. त्याने ते वाक्य म्हटलं. करकरणारे बूट माझ्याजवळून गेले. मग सगळे दारातून बाहेर गेले, आणि ठरल्याप्रमाणे कॅमेरा रिकाम्या दिवाणखान्यावर राहिला, याच दृश्यावर सगळ्यांची नावं सरकायची होती. केशरी उजेड. धूळ, डिंक, कुत्रा. कानाजवळ कोणाच्याच चपला नाहीत. आणि माझ्या मनात आलं की या एवढ्या मोठ्या फसवणुकीत, जिथे वादळ खोटं, मिशी खोटी, हसणारेही डब्यातले, एका माणसाने घरी बसून माझ्या श्वासावर विश्वास ठेवलाय. मग मी तो घेतला. चोरून नाही. पोटभर, उशीसकट, सावकाश, वर आणि खाली, आणि परत एकदा. कोणी थांबवलं नाही. दिग्दर्शक बहुतेक डोळे चोळत असावा.

शेवटच्या गुरुवारी बाबांनी दाढी केली आणि इस्त्रीचा शर्टही घातला. टीव्हीवर गुप्तहेराने एकेकाकडे बोट दाखवलं. दार उघडलं. लेखक आत आला. हशा झाला, मिशी पडली, माझी मिशी पडली असं सांगूनही झालं. बाबा हलले नाहीत. नावं सरकायला लागली, कपडेपट, रंगभूषा, आणि त्यांच्या मागे, अक्षरांना धक्का देत, शेठचं पोट वर आलं, खाली गेलं, वर आलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. नावं संपेपर्यंत बघितलं. मग उठले, टीव्हीची वायर सोडवली, त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि अख्खा टीव्ही फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. आई म्हणाली, अहो, उद्या माझा कार्यक्रम आहे. बाबा म्हणाले, उद्याचं उद्या. टीव्हीची काळी पाठ आमच्याकडे होती, तिच्यावर धूळ होती, आणि मी त्या धुळीकडे बघत बसलो, कारण दुसरीकडे कुठे बघायचं हे सुचत नव्हतं.

“शेवटचं प्रकरण झालंय,” बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. “आता तू बोलू शकतोस. पोट हलवलंस की हललं?”

“हललं,” मी म्हटलं. “आधी हललं. शेवटी हलवलं.”

“आणि बिस्कीट?”

“खाल्लं.”

त्यांनी मान डोलावली. एखादी फाइल बंद करताना डोलवायचे तशी. वाटलं, आता भाल्याचं निघेल. “तेच म्हणतोय मी पहिल्यापासून,” ते म्हणाले. “मेलेला माणूस बिस्कीट खात नाही. तो गुप्तहेर चुकला, लेखकाने फसवलं, दिग्दर्शक झोपला होता. त्या घरात एकच माणूस सरळ होता. त्याने पहिल्याच भागात सगळं समोर ठेवलं होतं.” आणि मग, गीझरबद्दल बोलावं तितक्या सहज, “काम चांगलं केलंस.”

बाबांनी पायाने टीपॉय बाजूला सारला. “झोप इथे,” म्हणाले. “हे असं अर्धवट नाही सोडता यायचं.” मी जमिनीवर उताणा झालो, एक हात डोक्यामागे. आई इस्त्री बंद करून आली, मला निरखून म्हणाली की उशी नाही तर किती बारीक दिसतो मेला, आणि मग बाबांनी तिला रीतसर विचारलं, कोणी? तिने क्षणभरही विचार केला नाही.

“तुम्हीच. मोजे तुमचे होते.”

बाबा थांबले. मी डोळ्यांच्या फटीतून बघितलं, ते आईचं उत्तर खरंच तपासून बघत होते, एखाद्या गोदामासारखं, दारापासून खिडकीपर्यंत, आत कुठे खोट आहे का. “मी पहिल्यापासून खोलीत होतो,” ते शेवटी म्हणाले. “पुरावा डोळ्यांसमोर होता. चालेल.” आई म्हणाली, पण हा तर जिवंत आहे. “हो,” बाबा म्हणाले, “म्हणजे माझा नेम चुकला,” आणि त्यांच्या आवाजात बऱ्यापैकी समाधान होतं. त्यांच्या चपला माझ्या कानाजवळ येऊन थांबल्या. पापण्यांमागे दिवा केशरी झाला. उचलणार नव्हतेच ते मला, त्यांची पाठ आता पूर्वीसारखी राहिली नव्हती आणि माझे पाय तर चौकटीबाहेर गेले असते. पण चपला हलल्या नाहीत. मी डोळे घट्ट मिटले आणि पोट हलू दिलं.